चुकलेला फ्रेंच-अरबी कोश

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड कोश आहे. फ्रेंच आणि अरबी कायद्याचे शब्द माझ्या पोटात आहेत. छपाई बैरुतची, मुक्काम डोंबिवलीचा! आखातात टायपिस्ट असलेल्या महिपतरावांनी मला तिथल्या जुन्या बाजारातून आणलं, ते लेकीसाठी, विनितासाठी. ती दोन्ही भाषा शिकली आणि कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करू लागली. तेव्हा माझा काय रुबाब होता! पाठ निखळली तर कल्याणला नेऊन नवी बांधणी करून आणली. मग लॅपटॉप आला आणि मी त्याच्याखालचा पाट झालो. राग आलेला, खोटं कशाला बोलू?

मागच्या वर्षी अल्जेरियातल्या एका कोर्टाचा हुकूम फ्रेंचमध्ये करायला आला. सहा वर्षांची अनाथ मुलगी, आणि फ्रान्समध्ये तिची वाट बघणारं एक जोडपं. भाषांतर चुकलं तर मुलीचा व्हिसा अडकणार होता. हुकमात शब्द होता ‘कफाला’. लॅपटॉपने तीन अर्थ दिले, म्हणून विनिताने मला बाहेर काढलं. मी छाती फुगवून दाखवलं, दत्तक. तिने तसंच लिहिलं.

शेजारी तिची आई, विमलाबाई, मटार सोलत होत्या. “कसला गं कागद?”

“एक मुलगी दत्तक दिलीये, आई.”

“अगंबाई! म्हणजे नाव, आडनाव, कूळ, सगळं बदललं पोरीचं. माझ्या बहिणीला, कलावतीला, काकूच्या ओटीत घातलेलं, तेव्हा बदललेलं ना, तसं.”

विनिता “हो” म्हणणार, तोच तिची नजर हुकमाच्या शेवटच्या ओळीवर गेली. मुलगी जन्मदात्या बापाचंच नाव लावेल, असं तिथे स्पष्ट होतं.

“थांब आई! नाव बदलतच नाहीये. हे दत्तक नाहीच!”

मग तिने अल्जेरियाचा कायदा काढून वाचला. दत्तक घ्यायला तिथे मनाईच. कफाला म्हणजे मूल पोटच्यासारखं वाढवायचं, पण त्याचं कूळ त्याच्याकडेच ठेवायचं. फ्रेंच कायद्यात या मापाचा शब्दच नाही. दत्तक तसंच राहिलं असतं, तर व्हिसा देणाऱ्या साहेबाने कागदच परत पाठवला असता.

बापरे! मी थक्क झालो. माझी नऊशे पानं, आणि एका देशाची माया सांभाळायची रीत त्यांत मावत नव्हती!

विनिताने अरबी शब्द तसाच फ्रेंच अक्षरांत ठेवला आणि खाली चार ओळींची टीप दिली. मग पेन्सिलीने माझा छापील अर्थ खोडला.

दोन महिन्यांनी विमानतळावरचा फोटो आला. “पोचली गं पोर!” विमलाबाई केवढ्यांदा ओरडल्या!

मित्रांनो, माझी पानं जपून उलटा, पण माझ्यावर डोळे मिटून भरवसा टाकू नका. शंका आली तर विचारा, खुशाल खोडा. ती मुलगी बापाचं नाव घेऊन नव्या आईकडे पोचली, कारण मी चुकलो हे वेळेत कुणाच्या तरी लक्षात आलं.