तापाचुलाचा मुलगा

नोएमीने फोन टेबलावर ठेवला आणि ग्वातेमालाच्या वकिलातींच्या यादीतल्या सातव्या नंबरावर काट मारली.

"नाही म्हणाले?" पेत्रोनामावशीने विचारलं.

"ते नावच नाही म्हणाले. एल्मेर अहपोप नावाचं कुणीच नाही त्यांच्याकडे. छावणीत नाही, तुरुंगात नाही, दवाखान्यातही नाही."

"नीट बघितलं का मेल्यांनी? आपल्याच देशाची माणसं ना ती? तू सांगितलंस का, मी आंतरराष्ट्रीय शिकते म्हणून?"

"सांगितलं, मावशी."

खरं तर सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन-चार वेळा सांगून पाहिलं होतं, तेव्हा पलीकडचा कारकून नुसता "बरं" म्हणाला होता. पण मावशी दर सोमवारी सकाळी पानात उकडलेल्या मक्याच्या गरम तामालांचं गाठोडं घेऊन यायची, ते काही नोएमी नुसती शेजारची पोर होती म्हणून नव्हे. आपला मुलगा परदेशात हरवलाय आणि परदेशांचं शिकणारी मुलगी भिंतीपलीकडे राहते, म्हणजे अर्धं काम झालंच, असा तिचा हिशेब होता.

गावाचाही तोच हिशेब होता. नोएमी दर शनिवारी पहाटेची बस धरून शहरातल्या विद्यापीठात जायची, आंतरराष्ट्रीय संबंध शिकायची. हे शेवटचं वर्ष. तो विषय नेमका काय, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ही पोरगी देशांना ओळखते एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणी व्हिसाचा अर्ज आणायचं, कुणी मुलाने उत्तरेकडून, अमेरिकेतून पाठवलेली औषधाची बाटली. एकाने तर बंद पडलेला चिनी पंप आणून दारात ठेवला होता. तिचे वडील म्हणायचे, "हिचे सगळ्या देशांशी संबंध, फक्त आमच्या कोंबड्यांशी नाहीत." नोएमीलाही तेव्हा ते आवडायचं. खोटं कशाला बोला, चांगलंच आवडायचं. आता त्रेचाळीस दिवस झाले होते, आणि मावशीचं गाठोडं दारात दिसलं की तिला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटायचं.

त्रेचाळीस दिवसांपूर्वी एल्मेरने अमेरिकेच्या सरहद्दीजवळून फोन केला होता. "उद्या ओलांडतो, आई." त्यानंतर काही नाही.

मावशीने गाठोडं सोडलं, एक तामाल तिच्यापुढे सारला. "खा. उपाशीपोटी सरकारांशी बोलू नये."

नोएमीने पान सोललं. याच टेबलाशी फेब्रुवारीत एल्मेर बसायचा, आईने दिलेला तामाल खात. उत्तरेला जायचं तर आधी सबंध मेक्सिको पार करावा लागतो, आणि तिथल्या नाक्यावर आपलं माणूस सापडलं की उलट पावली परत. म्हणून या गावातून निघणारा प्रत्येकजण आधी मेक्सिकन व्हायला शिकतो. त्याचा प्रश्नोत्तरांचा एक कागद गावात हातोहात फिरायचा. एल्मेरने तो आणून दाखवला तेव्हा नोएमीने कपाळाला हात लावला होता. त्यातला राष्ट्राध्यक्ष दोन निवडणुका मागचा होता.

"असला कागद घेऊन जाशील तर पहिल्या नाक्यावरच मेलास," ती म्हणाली होती, आणि तिने आपल्या वह्या काढल्या होत्या.

दोन आठवडे रोज संध्याकाळी त्यांची उजळणी चालली.

"स्वातंत्र्यदिन?"

"पंधरा सप्टेंबर."

"गाढवा, तो आपला. त्यांचा सोळा."

"एका दिवसाने काय बिघडतंय?"

"एका दिवसानेच सापडतोस."

अहपोप हे आडनाव तर चालण्यासारखंच नव्हतं, ऐकताच कुणीही ग्वातेमालाचा म्हणून ओळखलं असतं. तिने त्याला साल्दान्या रुईस केलं. गाव तापाचुला, मेक्सिकोतलं, पण आपल्या सरहद्दीला लागूनच. गल्ली तिसरी, खाली बेकरी. जन्मतारीख मात्र खरी ठेवली, कारण घाबरलेल्या माणसाला खोटी तारीख आठवत नाही. राष्ट्रगीत सबंध पाठ करून घेतलं. असा हुशार विद्यार्थी तिला स्वतःच्या वर्गातही दिसला नव्हता. आणि तिला शिकवायला फार मजा येत होती.

"काय गं, कसला विचार करतेस?" मावशी म्हणाली.

"काही नाही. त्याची उजळणी आठवली."

"अगं बाई, त्या उजळणीने तर मला वेड लागायची पाळी आली होती." मावशी बऱ्याच दिवसांनी हसली. "तू म्हणायचीस ना, झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायला नको? मी खरंच उठवून विचारायची. नाव काय? एल्मेर साल्दान्या रुईस. मी म्हटलं, मेल्या, आईपाशी तरी अहपोप म्हण. बापाचं नाव आहे ते. तर म्हणतो कसा, नोएमीने सांगितलंय, कुणापाशीही बदलायचं नाही."

नोएमीच्या हातातलं पान तसंच राहिलं.

सांगितलं होतं. कुणापाशीही बदलायचं नाही, असंच सांगितलं होतं. तिच्या डोक्यात वाटेवरचे नाके होते. पण अमेरिकेच्या हद्दीवरची नदी ओलांडलीस की आपलं खरं नाव सांग, हे तिने सांगितलंच नव्हतं.

परवाच्या शनिवारी परीक्षेत प्रश्न होता: दूतावासाचं पहिलं कर्तव्य कोणतं? आपल्या नागरिकाला शोधणं, त्याची विचारपूस करणं, त्याला घरी पोचवणं. तिने चार पानं लिहिली होती. आणि दीड महिना ती फक्त आपल्याच देशाची दारं ठोठावत बसली होती.

"इथे रेंज नाही," असं म्हणून ती फोन आणि यादीचा कागद घेऊन मागच्या अंगणात गेली. कोंबड्या पायांत आल्या. यादीत नसलेला एक नंबर तिने शोधून काढला. ती मेक्सिकोची वकिलात होती, सरहद्दीपलीकडे अमेरिकेतल्या एका शहरातली.

फोनवर एक बाई होती. आवाज प्रेमळ. नाव सांगितल्यावर दोन मिनिटंही लागली नाहीत.

"एल्मेर साल्दान्या रुईस. जन्म चार नोव्हेंबर?"

"हो."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"शेजारीण."

"ताई, वाईट बातमी आहे. वाळवंटात सापडले होते. नऊ दिवस दवाखान्यात होते. प्रयत्न केले, पण नाही वाचले."

नोएमी कोंबड्यांच्या जाळीला धरून उभी राहिली.

"आम्ही घरी पाठवलं त्यांना," बाई सांगत होती. "तापाचुलाला. पत्त्यावर घरचं कुणी सापडलं नाही, मग तिथल्या नगरपालिकेनेच दफनाचं सगळं केलं. विभाग चार, रांग नऊ, क्रमांक एकवीस. लिहून घेता?"

तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तो तिकडचा नव्हता हो. तो इथला, ग्वातेमालाचा. अहपोप आडनाव त्याचं. त्याची आई माझ्या घरात बसलीये."

"नाही हो ताई, काहीतरी गैरसमज होतोय. आमचा माणूस स्वतः भेटून आला त्यांना. अंगात ताप होता, तरी सगळं अचूक सांगितलं. राष्ट्रगीतसुद्धा म्हटलं म्हणे. लिहिलंय इथे."

"ते मी शिकवलं होतं."

"मग तुमच्या सरकारकडून तसा कागद आणावा लागेल," बाई हलकेच म्हणाली. "की हा तुमचा आहे म्हणून."

तसा कागद मिळवायला काय काय लागतं, हे नोएमीला कलमांसकट पाठ होतं. आधी माणूस ओळखावा लागतो. ओळखायला तो कबरीतून बाहेर काढावा लागतो. आणि बाहेर काढायची परवानगी त्याच्या देशाने मागावी लागते.

ती आत आली. तिचा चेहरा बघून मावशी उठूनच उभी राहिली.

"सापडला?"

सांगायचं होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं. "हो," एवढंच बाहेर पडलं.

"कुठे?"

"तापाचुलाला."

मावशीने दोन्ही हात तोंडावर धरले. "तापाचुला! म्हणजे हाकलला मेल्यांनी! हाकललं तर मेक्सिकन समजून तिथवरच हाकलतील, घर चार-पाच तासांवर राहील, असंच म्हणत होता तो. देवा रे, इतक्या जवळ आणि आपण जगभर फोन करतोय!" ती तामाल भराभर फडक्यात बांधायला लागली. "दुपारची बस मिळेल. सहा नेते, सहा सहज खातो. आणि हा काय, पत्ता?"

तिने नोएमीच्या हातातला कागद घेतला. मावशीला वाचता येत नव्हतं. "घर नंबर लिहिलाय ना नीट?"

"मावशी, बस जरा. ऐक."

"बसते कसली! तू आधी सांग, त्यांनी विचारलं तेव्हा उत्तरं बरोबर दिली ना त्याने?"

नोएमीने तिच्याकडे पाहिलं.

"सगळी. एकही चुकलं नाही."

मावशीने कागदाची घडी करून कमरेच्या पट्ट्यात खोचली. मग ती जवळ आली आणि शालीच्या टोकाने तिने नोएमीचे डोळे पुसले.

"वेडी कुठली. रडतेस कशाला? तुझ्यामुळेच तर झालं हे सगळं."