गाडीचं पाणी

चौथा बोल्ट हलेना तेव्हा अमोलनं पाना अंगणात भिरकावला आणि लगेच उठून तो शोधायलाही गेला, कारण घरात बाराचा पाना एकच होता. गाडीचं बॉनेट सकाळपासून उघडं होतं. खाली घमेल्यात रेडिएटरचं तांबूस पाणी, बाजूला काढून ठेवलेला बेल्ट आणि डोक्यावर दर्यापूरकडचं वैशाखातलं ऊन. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना यंत्रांचा धडा शिकवताना सगळं कसं सोपं वाटायचं.

"थकला असशीन, बस थोडा," ओसरीतल्या खाटेवरून त्याची आई पार्बताबाई म्हणाल्या.

"बसून कसं जमन, माय? उद्या सातले तुया डायलिसिसचा नंबर हाय. हुकला का मंग तीन दिवस थांबा लागते."

आठवड्यातून दोनदा अकोला, जाताना पन्नास किलोमीटर, येताना पन्नास. दीड वर्ष हेच चाललं होतं. पहिली एसटी नऊनंतरची आणि गावातल्या दोन्ही जीपा लग्नांना लागलेल्या. दवाखान्याजवळ खोली घेऊ, मी बदलीचा अर्ज करतो, असं त्यानं आईला किती वेळा सांगितलं असेल. आई ऐकेल तर शपथ.

"अकोल्यात राहिलो असतो तं हे मरण नसतं," तो पान्याकडे बघत बोलला, पण ऐकवलं आईला.

"सासऱ्याचं घर सोडून मी त्या डब्याएवढ्या खोलीत काहून राहू? मेली तं इथंच मरीन."

दर वेळी घोडं इथेच अडायचं. आजारी बाईवर चिडायचं तरी कसं, आणि न चिडता राहायचं तरी किती? त्यानं कुर्बानला व्हिडिओ कॉल लावला.

कुर्बान अकोल्याचा गाड्यांचा मिस्त्री. गाडीचा पाण्याचा पंप गेला होता; नवा त्यानं एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवला होता आणि स्वतः भाचीच्या लग्नाला बार्शीटाकळीला गेला होता. त्याच्या मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका चालला होता.

"जोर नका लावू, गुरुजी. बोल्ट तुटला तं माह्या बापालेबी निघाचा नाही. थोडं डिझेल सोडा, हलक्या हातानं ठोका, चहा प्या. मंग पाहा."

चहा सोडून अमोलनं सगळं केलं. तासाभरानं बोल्ट करकरत फिरला आणि पंप निघाला. पाणी ढकलणारी आतली पाती निम्मी झडून गेली होती, उरलेल्यांवर पांढरा खरखरीत थर चढला होता. त्यानं पुन्हा फोन लावून पंप कॅमेऱ्यासमोर धरला.

"रेडिएटरमंदी पाणी कोणतं टाकता?" कुर्बाननं विचारलं.

"बोअरचं. घरचंच."

"थेच त. तुमच्याकडचं खारं पाणी लोखंड खाते, गुरुजी. दोन सालच झाले पंप बसवून. आता कूलंटमंदी फिल्टरचंच पाणी मिसळा. बोअरचा एक थेंब नका टाकू."

आता बोल लावायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. दर रविवारी बोअरचा जग भरून गाडीत ओतणारा तो स्वतःच होता, आणि त्यामुळे त्याला जास्तच राग आला.

"आण इकडं, पाहू दे," पार्बताबाई म्हणाल्या.

पंप त्यांनी मांडीवर घेतला. पांढऱ्या थरावरून अंगठा फिरवला, नखानं थोडा खरवडला.

"आपल्या पाण्याच्या गुंडाले बसते तेच हे," त्या म्हणाल्या आणि नखातली पांढरी भुकटी बोटांवर चोळून पाहिली.

नवा पंप बसवून, बेल्ट चढवून होईतो ऊन उतरलं. कूलंटमध्ये मिसळायला अमोलनं स्वयंपाकघरातली कॅन उचलली, तर त्याची बायको प्रतीक्षा आडवी आली.

"आईंचं प्यायचं हाय ते, थोडंच उरलं. दुसरी कॅन उद्या दुपारी येते."

बोअरचं खारं पाणी किडनीला बरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून फिल्टरच्या पाण्याची एक कॅन घरी यायची, ती फक्त आईपुरती. बाकीचे जन्मभर पीत आले तसं बोअरचंच पीत होते.

"दोन लिटर घेतो. तिले तसंही मोजकंच प्या लागते," अमोल म्हणाला.

त्यानं गाडी सुरू केली. रेडिएटरमधून बुडबुडे आले, मग थांबले. काटा मध्यावर जाऊन स्थिर झाला, खाली थेंब पडला नाही. दिवसभरात पहिल्यांदा त्याला कुणावर खेकसावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात त्याची सात वर्षांची मुलगी स्वराली खेळून घामाघूम होऊन आली आणि तिनं माठातून ग्लास भरून घेतला. पार्बताबाई उठल्या. एरवी उठायला त्यांना कुणाचा तरी हात लागायचा. खांब धरत त्या माठापाशी गेल्या, नातीच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि पायरीवर ओतून दिला.

"आजी, मले तहान लागली न."

"थांब."

त्यांनी कॅन वाकवून ग्लास भरला. स्वराली घटाघटा प्यायली. त्यांनी तो परत भरला.

"माय, ते तुयासाठी हाय," अमोल म्हणाला. "रात्रीले काय पिशीन?"

"गाडीले कॅनचं, अन् पोरीले बोअरचं?"

पार्बताबाई खांबाला टेकून दम घेत उभ्या राहिल्या.

"कुठंशी हाय ते खोली?" त्यांनी विचारलं. "पोरीची शाळा जवळ पडन का?"

अमोल काळे हात फडक्याला पुसत राहिला. दीड वर्षात त्यानं एकही खोली पाहिलेली नव्हती.

"पाहतो," तो म्हणाला.