ध्यानघराच्या भिंतीतली ओल

बसा, पण माझ्यापासून जरा लांब बसा. मी या ध्यानघराची मागची भिंत बोलतेय. अंगाने जाडजूड, निव्वळ मातीची. मला उभं राहून अजून वर्षही झालं नाही आणि आताच लाकडाचे टेकू लावून घ्यायची पाळी आली आहे. येणारेजाणारे चुकचुकतात, मातीला नावं ठेवतात. ते ऐकून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगून टाकावं.

भिंत होण्याआधी मी या टेकडीच्या उतारावर, गवताखाली, सुखाने आडवी पडून होते. तिथे एक दिवस एक बाई आली. पांढरे केस, पायात जाड बूट, घरं आखून देणं हा तिचा व्यवसाय. सोबत तिचा धाकटा भाऊ होता. त्याला ती भिंगरी म्हणायची, कारण लहानपणापासून हा एका जागी कधी टिकलाच नाही. जन्मभर धावपळीची नोकरी केली आणि एक दिवस कामावरच छातीत कळ येऊन कोसळला. दवाखान्यातून बाहेर पडला तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन. लोकांना शांत बसता येईल असं छोटंसं घर बांधायचं, शिबिरं घ्यायची आणि जमलं तर आपणही शांत बसायला शिकायचं.

"ताई, तूच आख," तो म्हणाला.

"आखते. पण इथे जे मिळतं त्यातच बांधायचं. बाहेरून गाडी भरून काही यायला नको."

मग ती बाई कित्येक सकाळी नुसती इथे बसून राहिली. ऊन कुठून येतं, वारा कुठून शिरतो, ओढ्याचा आवाज कुठपर्यंत ऐकू येतो, हे बघत. तिचा भाऊ तिच्याभोवती येरझाऱ्या घालायचा आणि "झालं का ठरवून?" म्हणून विचारायचा. तिने मला ओंजळीत घेतलं, पाणी लावून मळलं, बाटलीत घालून हलवलं, वाळू किती आणि चिकणमाती किती ते बघितलं. माझी एवढी विचारपूस आजवर कोणी केली नव्हती. मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू.

घर छान आखलं होतं हो तिने. खाली ओढ्यातल्या दगडांचं जोतं, त्यावर चिरलेलं गवत घालून तुडवलेली मी, वर बांबू आणि गवताचं छप्पर, पावसाने मला भिजवू नये इतकं पुढे आलेलं. खिडक्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्या माणसाला बाहेरचं काही दिसायलाच नको, म्हणजे तो आपसूक खाली बसेल.

भावाला तिने एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "एक थर रचला की थांबायचं. नख दाबून बघायचं. नख रुतलं तर काम बंद. वाट बघणं हेही बांधकामच आहे, समजलं?"

"समजलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पहिल्या थरांना ती स्वतः होती. मग लेकीचं बाळंतपण निघालं आणि तिला जावं लागलं. इकडे भिंगरीने पहिल्या शिबिराची तारीख सगळ्यांना कळवून टाकली होती. तो आला, माझ्या अंगात नख दाबलं, ते लोण्यात रुतावं तसं रुतलं. त्याने बोट विजारीला पुसलं आणि कामावरच्या माणसांना म्हणाला, "चढवा पुढचा."

माणूस लबाड नाही, हे आधीच सांगते. भित्रा आहे. "माझ्याकडे कुठे आहे एवढा वेळ," असं तो पुटपुटला तेव्हा त्याचा हात छातीवर होता. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. पण थरावर थर चढत गेले, ओझ्याने माझं पोट बाहेर आलं. त्याने ते फावड्याने तासून काढलं आणि दोन्ही अंगांनी गिलावा करून मला गुळगुळीत केलं. आत मी तशीच ओली होते.

शिबिरं सुरू झाली. लोक डोळे मिटून बसायचे. ताठ बसा म्हटलं की थोडा वेळ ताठ, मग हळूच सरकत मागे येऊन माझ्यावर रेलायचे. एक गृहस्थ तर चक्क घोरायचे. आणि सगळे एकमुखाने म्हणायचे, "मातीचा काय सुंदर वास येतो इथे." अहो, तो माझ्या पोटातल्या ओलीचा वास होता. त्यात गवत कुजत होतं. मी बापडी काय सांगणार.

मग एका शिबिराच्या आदल्या दिवशी मला आडवी भेग गेली आणि मी बाहेरच्या बाजूला कलले. भिंगरीची पाचावर धारण बसली. त्याने शिबिर रद्द केलं आणि बहिणीला बोलावून घेतलं. तिने आल्या आल्या माझा कल बघायला ओळंबा सोडला आणि बराच वेळ त्या दोरीकडे बघत राहिली.

"प्रत्येक थर वाळू दिला होतास ना रे?"

"हो. तू सांगितलंस तसंच."

बाईचा चेहरा उतरला. "मग माझंच चुकलं. जाडी कमी धरली मी," ती म्हणाली. त्यांनी मला टेकू लावले. नंतर पायरीवर बसून तिने फोन केला. एका शाळेचे मातीचे वर्ग ती आखत होती म्हणे. "ते काम थांबवा. मला आता मातीची खात्री देता येत नाही," असं तिने सांगितलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. भिंगरी दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि सरळ चहा टाकायला निघून गेला. मला दोन पाय असते तर मी त्याच्या मागे गेले असते.

आज सकाळी तिने माझ्या भेगेत हात घालून आतली माती उकरली. हाताला चिखल लागला. इतक्या महिन्यांनी चिखल. तिला काय ते कळलं, अगदी त्याच क्षणी कळलं. तिने हात धुतले, शाळेला परत फोन लावला आणि काम चालू ठेवायला सांगितलं. मग भाऊ चहा घेऊन आला, तेव्हा कप हातात घेत तिने सहज विचारावं तसं विचारलं, "थर वाळू दिले होतेस ना?"

"हो गं ताई. कितीदा सांगू?"

ती चहा तसाच ठेवून बॅग भरायला उठली.

आता तो एकटा माझ्यासमोर बसलाय. डोळे मिटलेत, ओठ हलतायत. "चुकलं माझं," असं मलाच सांगतोय. अरे बाबा, मला काय सांगतोस? मला उद्या पाडतील, पाणी घालून तुडवतील आणि नीट वाळवलं तर मी पुन्हा उभी राहीन. मातीवरचा तिचा विश्वास परत आलाय. तुझ्यावरचा मात्र चाललाय, बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला बघ. ऊठ. ध्यान राहू दे.