रंगुबाईचा पटका

धार काढावी तर रंगुबाईनं, असं अख्खी आळी म्हणायची आणि रंगुबाईला त्यात तिळभरही शंका नव्हती. त्यामुळे एकाहत्तर साली तिच्या नवऱ्यानं, भिमाजींनी घोडेगावच्या बाजारातून दुभती म्हैस आणली आणि तिला खुंट्याला बांधता बांधता ते सांगू लागले, "अगं, तिचा धनी म्हनत हुता..." तेव्हा रंगुबाईनं त्यांचं बोलणं तिथंच तोडलं. "म्हशीचं मला शिकवू नगा."

म्हैस आणली होती ती तान्ह्या नातीसाठी. तापात सून चांगुणाचं अंगावरचं दूध आटलं होतं. पण रंगुबाईनं कासेला हात लावला रे लावला की म्हैस लाथ झाडायची. तिनं पेंडीचं आंबोण खायला घातलं, पाठ थोपटली, शिव्याही घातल्या. चरवी कोरडीच. भिमाजींची बोटं वातानं आखडलेली आणि मुलगा दूर साखर कारखान्यावर, मग दुसरं कोण काढणार? शेजारच्या मुक्ताबाईकडे वाटीभर दूध मागताना रंगुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा गोठ्याच्या दारातून चाचरत म्हणाली, "आत्याबाई, बांगड्या वाजल्या की ती बुजतीया."

"कालची पोर तू! माजी हयात गेली गोठ्यात."

तेवढ्यात आतून नातीचं रडणं आलं. त्या रडण्यात आता जोरही उरला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण नातीपुढे कसला आलाय पीळ! रंगुबाई चरवी खाली ठेवून उठली. ती नवऱ्याकडे वळली. "म्हशीचा धनी काय म्हनत हुता वो?"

"तेच तर सांगत हुतो! त्याच्या घरात बाईमानूस न्हाई. म्हशीला गड्याचाच हात ठावं."

बांगड्या उतरवणं सवाष्णीला कसं चालावं? चांगुणानंच फडकं फाडून सासूच्या बांगड्यांवर घट्ट गुंडाळलं, तिच्या लुगड्यावर सासऱ्यांची घोंगडी पांघरवली आणि त्यांचा पटका हातात घेऊन घुटमळत उभी राहिली. रंगुबाईनं मान खाली घातली.

"बांध," ती म्हणाली.

म्हशीनं वळून पाहिलं, घोंगडी हुंगली आणि पान्हा सोडला. चरवीत धारा वाजू लागल्या, तशी रंगुबाईच्या डोळ्यांनाही धार लागली.

नेमकी तेव्हाच मुक्ताबाई दुधाची वाटी घेऊन आली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "अगं बया! रंगुबाय, हे काय सोंग?"

रंगुबाईचा हात थांबला नाही. "सोंग न्हाई. माज्या सुनंनं शिकवलंय," ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली. मग भरली चरवी चांगुणाकडे सरकवली. "आदी पोरीला पाज. मंग ये आन पटका कसा बांधायचा ते मला दाव. सांच्याला परत लागंल."