एक रेघ, दोन रेघा

तेजरामनं मले चार वेळा समजावलं, तरी ती मतं कुठून निघाली अन् कुठं गेली, हे माह्या डोक्यात अजून शिरत नाई. पन चूक माहीच हाय, एवढं कळते.

आमच्या मजुराईच्या कॅम्पात एकवीस घरं अन् नळ एकच भेटनार होता. साहेब लोकाईले कारखान्याची भट्टी पेटवायची घाई. जागा तुमीच ठरवा, म्हणे. वरच्या लाइनले तो दुकानापाशी पायजे, मधल्याईले झेंड्यापाशी, आमाले खाली पिंपळापाशी. माही सून रुक्मा, तिले आठवा महिना. रोज चढावर दुकानापाशी टँकरले जायची अन् भरल्या घागरी घेऊन उतरायची. तिच्यासाठी मले पिंपळच पायजे होता.

आधी हात वर केले. दुकान नऊ, झेंडा सात, पिंपळ पाच. वरच्या लाइनचा बळीराम लगेच फावडं घेऊन उठला.

टाइम ऑफिसात हाजरी लिहिनारा तेजराम म्हणाला, "थांब. नऊ घराईले दुकान पायजे, पन बाराईले नको हाय. हा कोनता न्याय?"

मंग त्यानं घरटी एक परची वाटली. तिच्यावर तीन चित्रं. पैल्या पसंतीवर एक रेघ मारायची, दुसरीवर दोन. ज्याले सगळ्यात कमी मतं, ते चित्र बाद. पन त्याच्या परच्या फेकायच्या नाईत, दोन रेघा जिथं असतील तिथं त्या मोजायच्या.

मी म्हणलं, "म्हणजे माहं मत दोनदा?"

"नाई, शेवंतामावशी, एकदाच. पैलं बाद झालं तंच दुसरं."

"मंग दुसरं लिहून पैलं कमजोर नाई होत?"

"नाई होत."

तो शिकलेला मानूस, पन मले पटलं नाई. सत्तावनच्या इलेक्शनात मी तुमसरले मत टाकलं होतं. तवा हरेक चित्राची पेटी अलग होती, अन् परची एकाच पेटीत टाकायची. दोन ठिकानी हात लावला का मत गेलं, हेच माह्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी आमच्या लाइनच्या बाकी चारही घरी गेली अन् सांगितलं, एकच रेघ मारा, दुसरी मारली का पिंपळ बुडाला. मी वयानं मोठी, लोकाईनं आयकलं. गिरजाबाई तेवढी चूप बसली.

मोजनी झाली. पुन्हा नऊ, सात, पाच. पिंपळ बाद. तेजरामनं आमच्या पाच परच्या उघडल्या. गिरजाबाईच्या परचीवर झेंड्याले दोन रेघा होत्या, झेंडा आठ झाला. बाकी चारीवर काईच नाई. त्यानं त्या पलटवून मागूनबी पाह्यल्या.

"अरे, अजून दोघाईनं जरी मारल्या असत्या तं झेंडा दहा झाला असता. कावून नाई मारल्या?"

माहं नावबी कोनी घेतलं नाई, त्याचीच मले जास्त लाज वाटली. दुकान नऊ, झेंडा आठ, नळ वर दुकानापाशी गेला. झेंडा आमच्या दारापासून पन्नासच पावलं होता.

सांजच्याले रुक्मानं घागरी उचलल्या. पोटावर हात ठेवून म्हणाली, "आत्या, आपन तं झेंड्यावर दोन रेघा मारल्या होत्या ना?"

"नाई व माय. मी नाई मारल्या. अन् दुसऱ्याईलेबी मारू नाई देल्ल्या."

मी तिच्या हातातून दोन्ही घागरी घेतल्या अन् चढाले लागली.