ऐंशी हवा

गेल्या वर्षी अमळनेरच्या सायकल स्पर्धेत मला टेम्पोत घातलं. धुळ्यातलं देवपूर ते अमळनेर, चाळीसेक किलोमीटर, दोन तासांची मुदत. मुदत संपली की मागून येणारा टेम्पो राहिलेल्यांना गोळा करत जातो, आणि अमळनेर चार किलोमीटरवर असताना त्याने मला गोळा केलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर माझा टेम्पोतला फोटो फिरत होता आणि खाली लिहिलं होतं, ‘वृषाली मॅडम आणि सामान’. वर्षभर ते डोक्यात बसलं होतं. यंदा काहीही होवो, दोन तासांत पोचायचं, एवढंच मी ठरवलं.

दोष पायांचा नव्हता, टायरचा होता. माझी सायकल डोंगरावर चालवायची, जाड गोट्यांच्या टायरची. डांबरावर त्या गोट्या घूं घूं करत निम्मी ताकद खातात. सायकल बदलायची नव्हती, फक्त टायर हवे होते. सव्वीस इंची, अरुंद, गुळगुळीत. एवढीशी वस्तू मागायला मी धुळ्यातली दुकानं पालथी घातली. पाचव्या गल्लीतले प्रेमराजशेठ म्हणाले, “ताई, रोडला तर गोट्याच पाहिजेत. ग्रिप येते.” मी म्हटलं, कोरड्या डांबरावर गुळगुळीत रबर जास्त टेकतं, म्हणून जास्त धरतं. “बरोबर आहे,” असं म्हणून त्यांनी आणखी मोठ्या गोट्यांचा टायर काढून दाखवला. दुसऱ्या दुकानात गुळगुळीत होते, पण शर्यतीच्या सायकलचे, माझ्या चाकापेक्षा मोठे. “बसवून तर बघू,” दुकानदार म्हणाला. चाक म्हणजे काय चप्पल आहे? मी बाहेर आले.

शेवटी एक रविवार घालवून जळगावला गेले. तिथल्या एका दुकानाच्या माळ्यावर दोन जोड्या धूळ खात पडल्या होत्या, एक सव्वा इंच रुंदीची, एक दीड. सव्वाचा पळतो जास्त, पण माझी रिम रुंद, आणि आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत ती थेट दगडावर आपटली असती. मी दीडचे घेतले. दुकानदाराने बजावलं, “हवा ऐंशी पौंड ठेवा. कमी ठेवणार असाल तर गोट्याच बऱ्या.”

घरी आबा होते. आबा म्हणजे माझे वडील, हिलाल टायरवाले. महामार्गावरच्या दुकानात तीस वर्षं त्यांनी ट्रकचे टायर काढले आणि बसवले. त्यांनी नवा टायर हातात घेतला, अंगठा फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी बाजारातून सडकी वांगी आणली.

“असा गुळगुळीत टायर मी जल्मभर काढी काढी फेकात,” ते म्हणाले, “आनि तू इकत लयनी?”

मी समजावलं. कागदावर आकृती काढून समजावलं. कॉलेजात पोरांना शिकवताना माझा आवाज चढत नाही, घरी चढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हवा कितली?”

“ऐंशी.”

“मार्च महिना शे. ऊनमा फुटी जाई.”

मग युवराजकाकांची गोष्ट आली. ती आमच्या घरात दर उन्हाळ्यात येते. युवराजकाका आबांचे मित्र, ट्रक ड्रायव्हर. मे महिन्यात भर दुपारी त्यांच्या ट्रकचा पुढचा टायर फुटला, ट्रक नाल्यात गेला आणि काकांचा पाय गेला. टायरला ऊन लागलं, असं आबा सांगत. तेव्हापासून आमच्या घरात होळी झाली की प्रत्येक चाकाची थोडी हवा काढली जाते. माझ्या स्कुटीची, शेजाऱ्यांच्या मोटारसायकलची, एकदा तर पाहुण्यांच्या गाडीचीसुद्धा. “आबा, सायकल आहे ती, ट्रक नाही,” मी म्हटलं आणि विषय संपवला. म्हणजे मला वाटलं, संपला.

आदल्या संध्याकाळी मी दोन्ही टायरांत मोजून ऐंशी हवा भरली. सकाळी चहा घेतला तोवर आबांनी सायकल खाली उतरवून ठेवली होती. मला कौतुक वाटलं. मला देवपूरला सोडून ते अमळनेरची एसटी धरायला गेले, पोचण्याच्या जागी उभं राहायला.

सात वाजता झेंडा पडला. घूं घूं बंद झालं होतं, सायकल गप्प चालत होती, पण पळत नव्हती. फागणे गाव येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते, अजून अंग गरम व्हायचंय. पुढे वाऱ्याला शिव्या घातल्या. नंतर पायांना. सदतीस वर्षांचे पाय, वर्षभर पहाटे उठून घासलेले, आणि तरी चालत नाहीत म्हणजे नाहीतच. एक काका साध्या दूधवाल्याच्या सायकलवर मला मागे टाकून गेले, जाताना नमस्कार करून. मला रडू यायला लागलं, रागाचं.

नवलनगरला पाण्याचं टेबल होतं. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी, कामिनी नाव त्यांच्या बिल्ल्यावर होतं, पेला देता देता सहज मागचा टायर दाबला.

“ताई, यात हवाच नाही. चाळीस तरी असेल का? पंक्चर आहे का?”

पंक्चर नव्हतं. दोन्ही चाकांत सारखीच कमी होती. दोन्ही चाकांतून मोजून निम्मी हवा काढणारा माणूस सगळ्या धुळे जिल्ह्यात एकच. आणि टायरवाल्याची मुलगी असून सकाळी मी टायरला अंगठा लावला नव्हता, हेही तितकंच खरं.

बाईंकडे पंप होता. ऐंशी भरली. त्यानंतर सायकल जी सुटली ती सुटलीच. हेच मला फागण्याच्या आधी मिळायला हवं होतं, दर पायडलला मी हेच म्हणत होते. दूधवाल्या काकांना मागे टाकलं, नमस्कार न करता. नऊ वाजले तेव्हा अमळनेरच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. टेम्पो बाजूला आला. “बसा ताई,” ड्रायव्हर म्हणाला. मी मान हलवली आणि चालवत राहिले.

नऊ वाजून चार मिनिटांनी मी पोचले. पदकांची खोकी बंद झाली होती. एक जण कमानीचं कापड गुंडाळत होता. आबा एकटे रस्त्याच्या कडेला उभे होते, आणि त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की मला आणखीच संताप आला.

“टेम्पोमा नई उनी,” ते म्हणाले. “आपली आपली उनी.” मी टेम्पोत न बसता स्वतःच्या पायांवर आले, एवढंच त्यांना दिसत होतं.

“आबा, हवा तुम्ही काढली?”

“काढी. म्हनीसन तर फुटना नई.” ते वाकले, टायरला अंगठा लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. “इतली हवा कोनी भरी?”

“चार मिनिटांनी हुकलं माझं. तुमच्यामुळे. वर्षभर मी कशासाठी मेले? तुमच्या त्या ट्रकच्या गोष्टीसाठी? तो टायर उन्हाने फुटला, त्यात माझ्या सायकलचा काय गुन्हा?”

लोक बघत होते. बघू देत. आबा टायरशी खाली बसले.

“ऊननी नई फुटना तो,” ते म्हणाले. “मी हवा जास्ती भरेल व्हती. युवराज घाई करी राहिंता, मी काटाकडे देखंच नई.”

पंचवीस वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. युवराजकाकांनाही नाही, हे त्यांच्या मान खाली घालण्यावरून मला कळलं. माझा राग गेला नाही. तो आजही पूर्ण गेलेला नाही.

तरी कमानवाल्याकडून मी पंप मागून आणला. पुढच्या टायरची सगळी हवा सोडली आणि पंप आबांच्या हातात दिला.

“तुम्ही भरा,” म्हटलं. “काटा मी बघते.”

ते भरू लागले. साठला थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

“अजून,” मी म्हटलं.