पास दिल्यानंतर

कंट्रोलरच्या डाव्या स्टिकच्या रबरावर दोन बारीक खळगे, शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे... खालचे दात फुटले त्या आठवड्यात लेकीने तो तोंडात धरला तो सोडायलाच तयार नव्हती, आणि तेव्हापासून अंगठा त्या खळग्यांतच जाऊन बसतो. आत्ताही बसला. समोर भिंतीएवढा पडदा, त्यावर व्हिडिओ गेममधल्या बास्केटबॉलचे तीन खेळाडू, ज्याच्या हातात चेंडू त्याच्या पायाखाली पिवळं कडं. मागे गॅलरी ओरडतेय, पण तिच्यापर्यंत ते पोचत नाही. हा खेळ ती गेले आठ महिने आवाज बंद करूनच खेळली आहे – दुपारची, छातीवर झोपलेलं बाळ, बाळाच्या पाठीमागे कंट्रोलर, श्वाससुद्धा बेताने.

शेवटची बास्केट पडली. पडद्यावरचा अर्धा खेळ संपला. एकवीस-अठरा.

"तीनने पुढे! अंगठेबाई, तुझे पाय धरायचे की अंगठे?" ढांगी म्हणाली. ढांगी म्हणजे संघातली सगळ्यात उंच, शाळेपासूनची मैत्रीण.

"थांब गं. अर्धंच झालंय."

उरलेला अर्धा शेजारच्या कोर्टवर. याच तिघी खुर्चीतून उठून बूट आवळून तिथे उतरणार, समोरच्याही त्याच तिघी, आणि गुण इथून पुढे चालू. गेल्या वर्षी चार संघ होते, कोर्टच्या कडेला टीव्ही मांडून चटईवर बसून खेळायचे, आणि बघायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, हे नक्की काय चाललंय? आज बत्तीस संघ आहेत. आज कुणी काही विचारत नाही.

"ऐक," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "एकदा जरी पुतळा झालीस तर बदली. आणि पुढच्या फेरीलाही मग तीच खेळेल." बदली खेळाडू बाकावर जाकिटाची चेन वरखाली करत होती.

पुतळा. पडद्यावर पास दिला की माणूस चेंडूबरोबर जातो. कडं दुसऱ्याच्या पायाखाली उजळतं, तुम्ही तो दुसरा होता, आणि मागे जो राहिला त्याच्याशी तुमचं देणंघेणं नसतं. बाळंतपणानंतर ती कोर्टवर परतली ती हे घेऊनच. पास द्यायची आणि जागच्या जागी थिजायची, हात हवेत, ढांगी व्हायची वाट बघत! सगळ्या हसल्या. तीही हसली. मग एका दुपारी बाळाला सासूबाईंकडे दिलं आणि ती स्वयंपाकघरात उभीच राहिली, नळ वाहतोय, हात अजून बाळाच्या आकारात वाकलेले... त्या दिवशी तिला हसू आलं नाही. सात वर्षं कोर्टवर खेळले मी, कधी थांबले नव्हते. आता जिथे लेक, तिथे मी. ती कुणाच्या कडेवर गेली की इथे उरतं ते कोण?

ती गॅलरीत गेली तशी सासूबाईंनी बाळाला पुढे केलं. "पाजून घे पटकन. सहा मिनिटं आहेत, घड्याळ बघतेय मी."

याच बाई पहिल्या महिन्यात म्हणाल्या होत्या, खेळणं बाळाने घ्यायचं की बाळाच्या आईने?

"आई, मी आज पुन्हा उभी राहिले तर?"

"तर ओरडेन मी. सगळ्या गॅलरीला कळू दे कुणाची सून आहे ते." आणि लगेच शेजारच्या अनोळखी बाईकडे वळून, "तीनने पुढे आहोत हो आम्ही."

बाळ पिऊन दमलं. तिने ते सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. हात रिकामे झाले आणि तसेच वाकून राहिले. तिने ते पाहिले. एक एक करून सरळ केले, मुद्दाम, कुणी दुसऱ्याचे करावेत तसे.

मग कोर्ट. लाकडाचा वास, बुटांचे चिरके आवाज. समोरच्या तिघी दणकट होत्या, तीनचा फरक दोन मिनिटांत धुऊन निघाला. पहिला पास तिने ढांगीला दिला आणि – गेलं, कडं गेलं, ढांगीच्या पायाखाली पिवळं काहीतरी उजळलं, आता ती तिकडे, आता इथे कुणीच...

डाव्या बुटाचं टोक आतून फाटलंय. करंगळीला ते टोचलं.

माझी करंगळी. ओटीपोटाखालचा टाक्यांचा ताण माझा, पाठीवरून ओघळणारा घाम माझा. मी चेंडू दिला, आणि मी इथेच आहे! ती पळाली. उशिराच, पण पळाली, दोघींच्या मधून, आणि ढांगीने न बघता चेंडू परत टाकला तेव्हा हात तिथे होते, तिचे, सरळ. बास्केट. बाकावरची चेन वर गेली आणि वरच राहिली.

मग दिला की पळ, दिला की पळ, पोटऱ्या पेटल्या, हसू आवरेना. "अगं, हसतेस काय?" ढांगी धापा टाकत ओरडली. काय सांगणार? की मला मी सापडलेय, चालू खेळात, चेंडू हातात नसताना?

अडतीस-अडतीस. अकरा सेकंद. चेंडू तिच्या हातात, आणि गॅलरीतून तो आवाज – हजारात ओळखू येईल असा, भुकेचा नाही, झोपेचा. छातीत पान्ह्याची कळ आली, जर्सी ओली झाली. सगळं अंग वर वळलं, आठ महिने वळत आलंय तसं.

ऐकलं गं, बाळा. ऐकू येतंय मला, आणि तू जिच्या मांडीवर आहेस ती मांडी पक्की आहे. मी इथून ऐकतेय.

ढांगीने हात वर केला. चेंडू बोटांतून तिच्याकडे सुटला, रडणं चालूच होतं, घड्याळ चालूच होतं, आणि ती बास्केटकडे पळत सुटली – मी, अख्खी.